रिकाम्या रकान्यातली माणसं

फेब्रुवारी २०११. सांगलीतल्या आमच्या घराच्या ओसरीवर एक शिक्षिका जनगणनेचा तक्ता मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दिवसभर शाळा करून संध्याकाळी घरोघर फिरायचं, म्हणजे पायांचे तुकडे पडत असणार. आईने आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला. नावं झाली, वयं झाली, लग्नाच्या वेळचं वय झालं. धर्माच्या रकान्यापाशी बाईंनी मान वर केली नाही, पेन चालूच होतं.

"बाई, तो रकाना विचारायचा राहिला," माझे वडील, नाना, खुर्चीतून म्हणाले.

"त्यात काय विचारायचं सर? आडनाव कळलंच की."

"माझा धर्म नाही. तसं लिहा."

बाई अवघडल्या. असं कुणी म्हटलंच नव्हतं आजवर. रिकामं ठेवलं तर तक्ता परत येतो, म्हणाल्या. रिकामा ठेवू नका, 'धर्म नाही' असं अक्षरांत लिहा, प्रगणकाने माणूस सांगेल तेच लिहायचं असतं, असं नानांनी समजावलं. नाना निवृत्त शिक्षक, त्यांनीही आधीच्या जनगणनांत घरं फिरलेली. तेवढ्यात आई चहाची कपबशी पुढे करत म्हणाली, "माझं मात्र हिंदूच लिहा हो." बाईंनी दोन्ही लिहिलं. एका घराच्या एका तक्त्यावर, एकाखाली एक.

माझं काय लिहिलं, ते मी विचारलं नाही. मी तेव्हा पस्तिशीची होते, वर्तमानपत्रात नोकरी करत होते, देवाधर्माशी माझा संबंध कॉलेजात असतानाच सुटला होता. तरीही गप्प बसले.

त्या जनगणनेचे धर्माचे तपशील २०१६ मध्ये बाहेर आले. १२१ कोटींच्या देशात स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे निघाले सुमारे ३३ हजार. महाराष्ट्रात सर्वाधिक, साडेनऊ हजारांवर. शिवाय 'धर्म नमूद नाही' या सदरात २८ लाख ६७ हजार माणसं होती. त्यात कोण कोण असेल सांगता येत नाही: ज्यांनी सांगायचं नाकारलं ते, ज्यांचं लिहायचं राहिलं ते, आणि कदाचित नानाही. नानांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली. "३३ हजारांत मी आहे का २८ लाखांत?" असं ते बरेच दिवस विचारत होते.

नानांना 'नास्तिक' म्हटलेलं फारसं आवडत नसे. भीतीपोटी नव्हे, त्यांना तो शब्द मापात बसत नव्हता. "देव नाही असं मी छातीठोक म्हणत नाही. आहे म्हणायला माझ्याजवळ काही नाही, एवढंच." याला मराठीत अज्ञेयवादी असा शब्द आहे, पण तो ग्रंथातला. भाजी घेताना कुणी उच्चारत नाही. १८६९ मध्ये जीवशास्त्रज्ञ हक्सलेने इंग्रजीत त्यासाठी शब्द घडवला, आपल्याकडे मिल-स्पेन्सर वाचणाऱ्या आगरकरांच्या पिढीने तो विचार आणला. 'नास्तिक' मात्र घराघरांत आहे, आणि तो बहुतेक वेळा शिवी म्हणूनच आहे. खरं तर जुन्या परंपरेत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. त्या मापाने ईश्वराशिवाय जग मांडणारं सांख्य दर्शन आस्तिक ठरतं, आणि बुद्ध, महावीर नास्तिक. चार्वाकाचे ग्रंथ तर उरलेच नाहीत, त्याचं म्हणणं आपल्याला कळतं ते त्याच्या विरोधकांनी खोडण्यापुरतं उद्धृत केलं म्हणून. आ. ह. साळुंखे यांनी त्याच्यावरच्या पुस्तकाला 'आस्तिकशिरोमणी चार्वाक' असं नाव दिलं, ते मला फार योग्य वाटतं. या जगावर, या देहावर, समोरच्या माणसावर ज्याची श्रद्धा आहे त्याला 'नास्ति' का म्हणायचं?

नाना गेले २०१८ च्या जुलैत. पहाटे, झोपेत. दिंड्या पंढरपूरच्या वाटेला लागल्या होत्या. गोदरेजच्या कपाटात त्यांची चिठ्ठी होती, तारीख घातलेली, सही केलेली: नेत्रदान करावे, देहदान करावे, कोणतेही विधी करू नयेत.

चिठ्ठी लिहिणं सोपं असतं. नेत्रपेढीला फोन केला तर पलीकडून शांत आवाजात सूचना आल्या. पंखा बंद करा. डोक्याखाली उशी द्या. पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा. ते काम मी केलं. वडिलांच्या पापण्या मिटणं, कापूस ओला करणं, पिळणं, ठेवणं. विधी नको म्हणणाऱ्या माणसाच्या घरात त्या पहाटे एवढी एकच कृती माझ्या हातांना मिळाली. ती मिळाली नसती तर हातांचं काय करायचं, ते मला कळलं नसतं. पथक आलं, वीस-पंचवीस मिनिटांत आपलं काम करून गेलं. मग शरीररचनाशास्त्र विभागाला फोन, डॉक्टरांचा दाखला, आधारच्या प्रती, जवळच्या नातेवाइकांच्या संमतीच्या सह्या. देहदानाचा अर्ज मृत माणसाने कितीही नीट भरलेला असो, घरातलं कुणी आडवं आलं तर तो कागदच राहतो. म्हणजे नास्तिकाची शेवटची इच्छा शेवटी त्याच्या नातलगांच्या हातात असते. आईने सही केली. देवपूजा न चुकवणाऱ्या, एकादशी धरणाऱ्या माझ्या आईने.

तासगावहून आत्या आल्या. भावाला पाणी पाजू दिलं नाही, मडकं धरलं नाही, खांदा द्यायला तिरडी नाही, याने त्या आतून फुटल्या होत्या. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना रडायची जी वाट ठाऊक होती तीच आम्ही बंद केली होती. नानांना गाडीत ठेवल्यावर त्या आईजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, बांगड्या..." बरोबरच्या दोघी पुढे सरकल्या. आईने आपले हात पदराखाली घेतले.

"ते लिहून गेलेत, कुठलाही विधी करायचा नाही म्हणून," आई म्हणाली. "हा पण विधीच आहे."

कुणी काही बोललं नाही. हिरव्या बांगड्या हातात राहिल्या. नानांनी चिठ्ठी लिहिताना आईच्या बांगड्यांचा विचार केला होता का, मला माहीत नाही, बहुधा नसावा. पण देव न मानणाऱ्या नवऱ्याच्या त्या तीन ओळी देव मानणाऱ्या बायकोने ढालीसारख्या पुढे धरल्या. पुढे चार वर्षांनी, ४ मे २०२२ ला, आमच्यापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ती बातमी आईने मला वाचून दाखवायला लावली, आणि पुन्हा एकदा वाचायला लावली.

त्या दिवशी देह सोपवून वैद्यकीय महाविद्यालयातून आम्ही दुपारी तीनला परतलो. शेजारच्या काकूंनी पिठलं-भात पाठवला होता. संध्याकाळपर्यंत माणसं होती. दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले: "दहावा कधी आहे?" मी म्हणायचे, "काही नाही." पलीकडे क्षणभर शांतता, मग "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला जायचा. तिसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. चौथ्या दिवशीही नाही. घर रिकामं, आई खिडकीशी, आणि मला हळूहळू उलगडलं की आम्ही लोकांना यायला दिवसच दिला नव्हता. माणसं निष्ठुर नव्हती. त्यांना कुठल्या दिवशी, किती वाजता, काय घेऊन यायचं हे पंचांग सांगतं, भटजी सांगतात, रीत सांगते. आम्ही रीत काढून घेतली आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही.

पाचव्या दिवशी नानांच्या मंडळातले दोघे आले. दोघेही पेन्शनर. सांगलीतून निघणाऱ्या 'अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्रा'चे अंक वाटण्यापासून नानांशी जुळलेले. त्यांतल्या थोरल्याने चपला काढता काढताच सांगितलं, "रविवारी पाच वाजता. वाचनालयाचं सभागृह घेतलंय. तुम्ही फक्त त्यांचा एक बरा फोटो द्या." पत्रिकेवर 'कै.' नव्हतं, 'स्मृतिशेष' होतं. 'श्रद्धांजली' नव्हतं, 'आदरांजली' होतं. असे शब्द या माणसांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकेक करून घडवलेत, रुळवलेत. बौद्ध समाजात 'कालकथित' हा शब्द रुळला तसेच.

रविवारी साठेक माणसं आली. कुणी भाषण करायचं नाही, प्रत्येकाने एकच आठवण सांगायची, असा नियम होता. नानांनी फी भरलेला एक मुलगा, आता स्वतः मुख्याध्यापक, उभा राहिला आणि काही न बोलता बसला. आत्या आल्या होत्या. लहानपणी विहिरीत पडलेल्या त्यांना नानांनी कसं वर काढलं ते त्यांनी सांगितलं आणि तेव्हा त्या मोकळेपणाने रडल्या. घरी आल्यावर आईने गच्चीवर भाताचा घास ठेवला. मला बघून म्हणाली, "त्यांच्यासाठी नाही गं. माझ्यासाठी." मी तिच्या शेजारी उभी राहिले.

त्या रविवारपासून मी हा विषय शोधत फिरते आहे. श्रद्धा नसलेल्या माणसाचं दुःख देव नसल्याचं नसतं. जन्म, लग्न, आजारपण आणि मरण या वेळांना आपल्याकडे माणसं धर्माच्या दारातून आत येतात. ते दार ज्याने लावून घेतलं, त्याने दुसरं दार काढलं नाही तर तो एकटा पडतो. आणि हे दुसरं दार एकट्याने काढता येत नाही.

आगरकरांना ते काढायला माणसंच मिळाली नाहीत. १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केलेल्या या माणसाची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, आणि १८९५ मध्ये तो गेला तेव्हा स्वतःच्या दहनापुरते पैसे बाजूला बांधून ठेवलेले सापडले. शाळेत हा प्रसंग आम्हांला बाणेदारपणाचं उदाहरण म्हणून शिकवला. आज वाचताना मला ती पुरचुंडी दिसते आणि वाटतं, आपल्या मागे चार माणसं येतील की नाही याची एवढ्या मोठ्या माणसाला खात्री नव्हती.

त्याच काळात लंडनमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ हा खासदार एका वेगळ्या दारावर धडका देत होता. १८८० मध्ये नॉर्थम्प्टनमधून निवडून आल्यावर त्याने देवाच्या नावाची शपथ नको, प्रतिज्ञा करू द्या म्हटलं, आणि त्यापायी पुढची काही वर्षं त्याला सभागृहात नीट बसू दिलं गेलं नाही. पुन्हा पुन्हा निवडून येत राहिला. १८८८ च्या कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञेचा हक्क सर्वांना मिळाला. पुढच्याच वर्षी हा ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. भारताची बाजू पार्लमेंटात मांडणारा म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १८९१ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या दफनाला हजर असलेल्यांत लंडनला शिकणारा एक लाजाळू गुजराती तरुण होता. मोहनदास गांधी.

त्या तरुणाचा नास्तिकांशी संबंध तिथे संपला नाही. आंध्रमधले गोपराजू रामचंद्र राव, म्हणजे गोरा, यांनी पत्नी सरस्वती यांच्यासह १९४० मध्ये मुदुनुरू गावात नास्तिक केंद्र काढलं, १९४७ मध्ये ते विजयवाड्याला हलवलं. या जोडप्याने मुलांना देवांची नावं ठेवली नाहीत. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात जन्मलेला लवणम, मग विजयम, मग महायुद्ध पेटलं तेव्हाचा समरम. गोरा सेवाग्रामला येऊन गांधींशी वाद घालत, मुक्काम करत. गोरांनी थोरल्या मुलीचं, मनोरमाचं, लग्न दलित तरुणाशी ठरवलं तेव्हा गांधींनी ते आश्रमात लावायचं कबूल केलं. नेहमीच्या विधीतला ईश्वराचा उल्लेख मुलीच्या घरच्यांना चालणार नाही, तर त्या जागी सत्याचं नाव घेऊ, हेही मान्य केलं. लग्नाआधीच गांधींचा खून झाला. मार्च १९४८ मध्ये, त्या दुखवट्यात, सेवाग्रामला ते लग्न ठरल्याप्रमाणे लागलं.

वर्ध्याला गेले तेव्हा सेवाग्रामच्या अंगणात बराच वेळ बसले होते. रोज दोन वेळा प्रार्थना करणाऱ्या माणसाने नास्तिकाच्या लेकीसाठी आपल्या विधीतला एक शब्द बदलायचं कबूल केलं. मला नागरी समता म्हणजे नेमकं काय, हे त्या अंगणात जितकं कळलं तितकं कुठल्या निकालपत्रातून कळलेलं नाही.

मात्र महाराष्ट्रात या प्रश्नाचं सगळ्यांत मोठं उत्तर दिलं ते बाबासाहेबांनी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, हे स्पष्ट आहे. म्हणजे लाखो माणसांनी एका दिवसात जुन्या देवांची रजा घेतली. पण बाबासाहेबांनी त्यांना उघड्यावर सोडलं नाही. विहार दिलं, वंदना दिली, लग्नाची रीत दिली, मेल्यावर एकत्र यायची रीत दिली. २०११ च्या गणनेत देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले होते. ईश्वर केंद्रस्थानी नसलेला एवढा मोठा, एकमेकांच्या सुखदुःखाला धावणारा समाज आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे, आणि आमच्यासारख्या सवर्ण घरांतल्या नास्तिकांनी तो आपला शिक्षक म्हणून कधी पाहिला नाही. आम्ही पुस्तकं वाचत बसलो.

फुल्यांचंही तसंच. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाअखेर भटजीविना पहिलं लग्न लागलं. फुले निर्मिक मानत, नास्तिक नव्हते. पण मध्यस्थाविना, वधूवरांनी एकमेकांना दिलेल्या वचनांवर लग्न होऊ शकतं, ही वाट त्यांनी पाडली. आज कितीतरी अश्रद्ध जोडपी त्याच वाटेने जातात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली ती नास्तिकांची संघटना म्हणून नव्हे. देवाधर्माबाबत समिती तटस्थ. विरोध शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला. अभिनेते डॉ. श्रीराम लागू उघड म्हणत, देवाला आता निवृत्त करा. दोघे एकाच मंचावर बसून गावोगाव वादसंवाद करत. लागू देव नाकारत, दाभोलकर म्हणत तो समितीचा विषय नाही, आणि समोरचे लोक तासन् तास ऐकत. नानांनी आम्हांला असाच एक कार्यक्रम दाखवायला नेलं होतं. मंचावर मतभेद होता आणि स्नेह होता, दोन्ही एकदम. गळ्यात माळ असलेले कार्यकर्ते आणि देव न मानणारे कार्यकर्ते एकाच सतरंजीवर, एकाच पिठल्यावर बसत. कट्टर नास्तिकांना ही तटस्थता बोटचेपी वाटे. मला ती शहाणी वाटते. गावातल्या एखाद्या पोराला पहिल्यांदा शंका येते, तेव्हा त्याला नास्तिक असं लेबल नको असतं. त्याला शंका घेऊनही बसता येईल अशी सतरंजी हवी असते.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, सकाळच्या फेरीला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. १८ वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर चार दिवसांत वटहुकूम म्हणून आला. त्यानंतर कोल्हापुरात गोविंद पानसरे, धारवाडला कलबुर्गी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २०१७ मध्ये कोइमतूरला फारूक हा मुस्लिम घरात जन्मलेला तरुण नास्तिक मारला गेला. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला: गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. या सगळ्या वर्षांत त्या पुलावर दर महिन्याच्या २० तारखेला माणसं जमत राहिली. गाणी म्हणत, घोषणा देत, मग कामावर जात. पंचांगात नसलेली ही तिथी त्यांनी स्वतः तयार केली.

जीव घेतला जात नाही तिथे कलम लागतं. २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळच्या एका चर्चबाहेर क्रूसावरच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. विवेकवादी कार्यकर्ते सनल एदमारुकू यांनी जाऊन पाहिलं, तर तुंबलेल्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत होती. हे सांगितल्याबद्दल त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या, १९२७ पासूनच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी झाल्या. ते फिनलंडला गेले. भिजलेली भिंत दाखवली म्हणून देश सोडावा लागला.

आता कागदावरच्या समतेबद्दल. राज्यघटना इथे आपल्या बाजूने आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी सूचना मांडली. मतदान झालं: बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधात मत देणाऱ्यांत देवभक्त कमी नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की सगळ्यांच्या वतीने बोलताना आपली श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडी घालू नये. म्हणून आजही आमदार ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करू शकतो, आणि दोघांची खुर्ची सारखीच असते.

मुंबई उच्च न्यायालयानेही ही रेघ पुढे नेली. नाशिकमधल्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत. त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. दोन जोडलेले तळहात. एवढ्यासाठी एका मास्तरला हायकोर्टापर्यंत जावं लागलं! पुढच्या वर्षी, २३ सप्टेंबर २०१४ ला, न्यायमूर्ती अभय ओक आणि अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने सांगितलं, की कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा अधिकार सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यातच येतो, आणि सरकार कुणालाही धर्म जाहीर करायची किंवा अर्जात लिहायची सक्ती करू शकत नाही. विशेष म्हणजे हा निकाल मिळवणारे नास्तिक नव्हतेच. येशूला मानणारे, पण स्वतःला ख्रिस्ती धर्माचे म्हणवून न घेणारे असे ते लोक होते. राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद त्यांना हवी होती आणि शासकीय मुद्रणालय देत नव्हतं. श्रद्धावंतांनी लढून मिळवलेला हा हक्क आम्ही अश्रद्ध वापरतो.

पण हा हक्क वापरायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, आणि इथे माझा जीव अडकतो. मी हिंदू घरात जन्मले. हिंदू विवाह आणि वारसा कायदे मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू नसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हिंदू धरूनच चालतात. मी देव मानो न मानो, नानांच्या घरातला माझा वाटा कुणी काढून घेत नाही. माझी नास्तिकता मला फुकट मिळाली. केरळमधल्या एक्स-मुस्लिम संघटनेच्या सरचिटणीस बाईंना ती फुकट नाही. मुस्लिम वैयक्तिक कायद्याने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा, आणि वडिलांना मृत्युपत्राने एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. आपण धर्म सोडला आहे, आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लावा, अशी याचिका घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या; २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढली. याच कारणासाठी ८ मार्च २०२३ ला केरळमधल्या एका मुस्लिम जोडप्याने, लग्नाला अनेक वर्षं झाल्यावर, तीन मुलींसाठी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्नाची नोंद केली. मला हमीद दलवाई आठवतात. १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन विधानभवनावर गेलेले, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारे, आणि १९७७ मध्ये आपलं दहन व्हावं, विधी होऊ नयेत, असं सांगून गेलेले. जगताना आणि मरताना, दोन्ही वेळा दुप्पट धैर्य लागलं त्यांना.

दुसरीकडे, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच. माझ्या एका सहकाऱ्याने मुलाच्या शाळेच्या अर्जात 'धर्म नाही' लिहायचं ठरवलं होतं. मग जातीच्या दाखल्याचं काय होईल, या विचाराने त्याने पेन खाली ठेवलं. जातीने त्याला सोडलेलं नाही, मग त्याने धर्माचा रकाना सोडायचा तर लेकराच्या शिष्यवृत्तीवर पाणी सोडायचं? २०१९ मध्ये तामिळनाडूत तिरुपत्तूरच्या तहसीलदारांनी एका वकील बाईंना 'जात नाही, धर्म नाही' असं प्रमाणपत्र दिलं तेव्हा देशभर कौतुक झालं, मीही केलं. पण त्या कागदाने ज्याचं काही जात नाही आणि ज्याचं सगळंच जातं, या दोघांना एकच अर्ज पुढे करणं ही समता नव्हे.

विशेष विवाह कायदा हे श्रद्धा नसलेल्यांचं हक्काचं दार. १८७२ च्या जुन्या कायद्यात तर लग्न करणाऱ्यांना आपण अमुक धर्माचे नाही असं जाहीर करावं लागे. १९५४ च्या कायद्याने ती अट काढली. पण ३० दिवस आधीची नोटीस राहिली. माझी नोटीस निबंधक कार्यालयाच्या फलकावर महिनाभर नाव-पत्त्यासह लागली होती. मला काही झालं नाही. घरच्यांपासून लपून आलेल्या दोघांना तो महिना कसा जातो ते मी नंतर बातम्या करताना पाहिलं आहे.

आणि बायका. मंडळांत, सभांत मी पाहते, पुरुष पंधरा आणि बाई एखादी. पुरुषाची नास्तिकता अनेकदा दिवाणखान्यात राहते. आत देवघरात बायको त्याच्या वाटचीही पूजा उरकत असते. त्याने गणपतीला हात जोडले नाहीत तर तो विचारवंत. सुनेने हळदीकुंकू नाकारलं तर ती माजलेली. मुस्लिम घरातली एक तरुण मैत्रीण मला म्हणाली होती, "ताई, मी रोजे धरते. अल्लासाठी नाही, अम्मीने डबा झाकून ठेवायला नको म्हणून." तिला सभा नको आहे. महिन्यातून एक दुपार हवी आहे, जिथे आत शिरण्याआधी काही पांघरावं लागणार नाही. आमच्या मंडळाने अशी दुपार गेल्या वर्षी सुरू केली. आठजणी येतात. सुरुवातीला पुस्तकं वाचायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात सासू, नोकरी, गुडघे, पोरांच्या परीक्षा हेच बोलणं होतं. हेच तर हवं होतं.

सणालाही असं दुसरं दार निघतं. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांनी आमच्यासारख्या घरांसाठीही एक सण काढला. नाना लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यासमोर बसत नसत, पण नवे अंक पाटावर मांडून आईला पहिला निवडू देत. अजूनही तसंच करतो. आकाशकंदील मी लावते, रांगोळी आई काढते.

आता २०२७ ची जनगणना आहे. या वेळी मोबाइलवर, ज्याला हवं त्याने आपली माहिती आपण भरायची, आणि जातही विचारणार. मी आईला हे सांगत होते. ती करंज्यांची कड दुमडत होती.

"माझं हिंदूच," ती म्हणाली.

"माहितेय."

"आणि ह्यांचं?"

"गेलेल्या माणसांचं लिहीत नाहीत, आई."

तिने करंजी ताटात ठेवली, पुढची लाटी घेतली. "म्हणजे त्या ३३ हजारांतला एक कमी झाला." थोड्या वेळाने म्हणाली, "गेल्या वेळी तुझं काय लिहिलं होतं गं त्या बाईंनी?"

"मी विचारलंच नाही."

"मग या वेळी विचार," आई म्हणाली. "आणि लिहून झाल्यावर मला वाचून दाखव."